दिव्यांच्या रिलेवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी, पण अगदी धडधाकट रिले आहे. 'धडधाकट' हे आधीच सांगून टाकते, कारण एका माणसाने मला नादुरुस्त ठरवलं होतं, आणि तो माणूस मला चांगला ओळखत होता.

रिले म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. त्यात तुमची काही चूक नाही. रोज मोटार चालवणाऱ्यांनाही आमचा पत्ता नसतो. आगपेटीपेक्षा लहान, काळी, चौकोनी डबी आणि खाली पितळेचे चपटे पाय, एवढंच माझं रूप. पोटात तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आहे आणि त्याच्यासमोर पत्र्याची इवलीशी जीभ. तुम्ही बटण दाबलं की जराशी वीज माझ्या वेटोळ्यात येते, मी लोहचुंबक होते, जीभ खेचते, 'टक' असा आवाज होतो आणि मोठी वीज पुढे धावते. बटणाला न पेलणारं ओझं मी उचलते. बोलायचं म्हटलं तर मला तो एकच शब्द येतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाली बाई प्रत्येक रिले कानाशी धरून तपासायची. आवाज बोदा आला की टोपलीत, खणखणीत आला की पुढे. माझा आवाज ऐकून तिने मान डोलावली. माझ्या मागोमाग आलेल्या रिलेचा ऐकूनही डोलावली. ती माझी बहीण. आम्हा दोघींना एका लाल स्पोर्ट्स कारमध्ये, स्टिअरिंगच्या खालच्या पेटीत शेजारी शेजारी बसवलं. गाडी बुटकी, दोन दारांची, जमिनीला पोट लावून धावणारी. तिचे पुढचे दिवे मिटलेल्या डोळ्यांसारखे आत दडलेले असत. ते उघडून पेटवायचं काम माझं. बहिणीकडे पेट्रोलचा पंप. ती गप्प झाली की इंजिन उपाशी.

गाडी दोनदा विकली गेली आणि मग आमच्या मालकाकडे आली. तोवर ती म्हातारी झाली होती, पण मालकाचा जीव तिच्यावर जडला. सुट्टीच्या दिवशी तो तिला न्हाऊमाखू घालायचा. मित्र आले की त्यांना आत बसवून म्हणायचा, "आता बघ हं," आणि बटण दाबायचा. मी टक करायची, दिवे उघडायचे, मित्र हसायचे. मित्रांनो, मला फार बरं वाटायचं.

मग बहिणीचं दुखणं सुरू झालं. तिच्या पोटातला तार जोडणारा सोल्डरिंगचा एक ठिपका तडकला होता. गार असताना ती ठीक असे. उन्हात गाडी तापली की तो जोड सुटे, आणि चावी फिरवली तरी तिच्या तोंडून आवाज निघत नसे. मिस्त्रीने एकदा पाहून सांगितलं होतं, "नवी टाका, प्रश्न मिटला." पण मालकाला स्वतःचीच एक युक्ती सापडली. आम्हा बहिणींचे पाय सारखेच असल्यामुळे गाडी अडली की तो मला उपटून पंपाच्या जागी बसवायचा आणि तिला माझ्या जागी. दिवसा दिवे कुणाला हवेत? संध्याकाळी घरी आला की पुन्हा आमची अदलाबदल.

"गाडी आहे का पत्त्यांचा डाव?" मित्र विचारायचे.

"हात बसलाय आपला," मालक म्हणायचा.

मालकीणबाईंना मात्र हा डाव आवडत नव्हता. त्यांची मुलगी, छोटी, तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. गाडीतला बारीकसा आवाजही मालकीणबाईंच्या कानातून सुटत नसे. एकदा त्या स्पष्टच म्हणाल्या, "अहो, छोटी या गाडीत बसणार असेल तर आधी ते पंपाचं काम करा. मध्येच बंद पडली तर मागून येणाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे?"

"अगं, आणतो."

"कधीपासून आणताय."

पुढच्या रविवारी मालकाने बहिणीला बाहेर काढलं, घरात नेलं आणि परत आणून बसवलं. तिच्या अंगाला बुटांच्या काळ्या पॉलिशचा वास येत होता. "आणली आणि बसवलीसुद्धा," तो मालकीणबाईंना म्हणाला. "बघ, कशी चकाकतेय."

मला वाटलं, तात्पुरतं चालवून घेतोय. दोन-चार दिवसांत खरोखरीची आणेल. त्याच्यावर माझा तेवढा विश्वास होता. मालकीणबाईंचाही होता. म्हणून तर त्यांनी छोटीला पहिल्यांदा या गाडीत बसवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी गाडी अडली. मालकाने सवयीने मला पंपाच्या जागी बसवलं आणि बहिणीला दिव्यांच्या. घरी येऊन तो झोपला आणि अदलाबदल राहून गेली. मालकीणबाई छोटीला घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे निघाल्या. येताना दिवस मावळला. नदीकाठच्या वळणावळणाच्या रस्त्यावर बहिणीने थोडा वेळ दिवे सांभाळले आणि मग तापून तिचा जोड सुटला. समोर एकदम अंधार. मी शेजारीच होते, इंजिन चालू ठेवत होते, पण दिव्यांसाठी मला काहीही करता येत नव्हतं.

मालकीणबाईंनी गाडी हळूहळू कडेला घेतली. एक ट्रक हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की आमची पेटीसुद्धा थरथरली.

"आई, आपण लपाछपी खेळतोय का?" छोटीने विचारलं.

"हो. बोलायचं नाही हं," मालकीणबाई म्हणाल्या.

फोन केल्यावर मालक मोटरसायकलवरून आला. तोवर गाडी गार झाली होती. टॉर्च तोंडात धरून त्याने आम्हाला आपापल्या जागी बसवलं. दिवे लागले, इंजिनही सुरू झालं.

"काय झालं होतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

मित्रांनो, खरं बोलायला ती वेळ चांगली होती. तो म्हणाला, "दिव्यांची रिले गेलीये."

"मग आता कसे लागले?"

"कधी लागतात, कधी नाही. बिघडल्यावर असंच करते ती. उद्या बदलतो."

ती म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी त्याने खरोखरच नवी रिले आणली, पण एकच. मालकीणबाई गाडीच्या दारात उभ्या राहिल्या. मालकाचा हात आधी बहिणीकडे गेला. मला अजूनही वाटतं, ती नवी रिले पंपाच्या जागी घालून चुपचाप सगळं निस्तरायचं त्याच्या मनात असावं.

"तिथे कुठे?" मालकीणबाई म्हणाल्या. "ती नवीच आहे ना? दिव्यांची ही."

त्याची बोटं थांबली. एका वाक्याचं काम होतं. "हो, हो, चुकलंच," असं म्हणून त्याने मला उपटलं. आजारी बहीण नवी म्हणून पंपावर राहिली आणि धडधाकट मी बाहेर.

तो मला कचऱ्यात टाकणार होता. मालकीणबाई म्हणाल्या, "ती मला द्या."

"काय करायचीये?"

"असू दे."

त्यांनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. भांडी विसळता विसळता त्या माझ्याकडे बघत. त्यांना एकच गोष्ट खटकत होती: मेलेली रिले पुन्हा कशी लागली? आणि पुढच्या सोमवारपासून छोटीचा पोहण्याचा वर्ग सुरू होणार होता. तिथे जायचं तर रेल्वेचं फाटक ओलांडावं लागे.

सोमवारी मालक कामावर गेल्यावर मालकीणबाईंनी अंगणातल्या उन्हात गाडी सुरू केली. नवी रिले काढून मला पुन्हा दिव्यांच्या जागी बसवलं, दिवे लावले आणि कपडे वाळत घालायला गेल्या. मध्येच येऊन बघायच्या. दिवे जळतच होते. सगळी बादली रिकामी झाली तरी जळत होते.

"तुला तर काहीच झालेलं नाही," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी मी कुणाला तरी खरं बोलताना ऐकलं.

त्यांनी गाडी बंद केली. जरा थांबून पुन्हा चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. बहीण गप्प होती. मालकीणबाईंनी पुन्हा फिरवली, कान देऊन ऐकलं, मग वाकून बहिणीला बाहेर काढलं आणि तिच्या जागी मला बसवलं. टक. इंजिन लागलं.

"आई, तुझे हात काळे झाले," पायरीवरून छोटी म्हणाली.

मालकीणबाईंनी बोटांचा वास घेतला. फाटकाच्या रुळांवर ही गाडी तापून उभी राहिली असती तर, हा विचार त्यांच्या मनात आला असणार, कारण त्या बराच वेळ छोटीला मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिल्या.

संध्याकाळी मालक घरी आला. त्या ओरडल्या नाहीत. पॉलिश निघालेली बहीण त्यांनी त्याच्या हातात ठेवली.

"अगं, आणणारच होतो मी," तो म्हणाला. "राहूनच गेलं."

"राहून गेलं ते एक. नदीवर विचारलं तेव्हा?"

त्याने बहिणीला खिशात टाकलं. मग उठला. "आत्ताच जाऊन घेऊन येतो."

"आणा," मालकीणबाई चपला घालत म्हणाल्या. "मी येते बरोबर."

आता पंपावर नवी रिले आहे आणि दिव्यांवर पुन्हा मी. बहिणीच्या ठिपक्यावर मिस्त्रीने सोल्डरिंग केलं. तीही बरी झाली आणि दुसऱ्या नव्या रिलेबरोबर जादा म्हणून कप्प्यात असते. बघा, किती थोडक्यात होण्यासारखं काम होतं.

मित्रांनो, वस्तू झिजतात, तडकतात. त्याचा आम्हाला राग नाही. बिघडली तर बिघडली म्हणा आणि वेळेवर दुरुस्त करा. पण आपलं खोटं झाकायला चांगल्या वस्तूवर आळ घेऊ नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही, आणि त्या खोट्याच्या भरवशावर कुणीतरी आपलं मूल शेजारी बसवून निघालेलं असतं.

मालक अजूनही मित्रांना दिवे उघडून दाखवतो. बटण दाबलं की मी टक करते, कारण ते माझं काम आहे. मित्र हसतात. मला पूर्वीसारखं काही वाटत नाही.