मार्चअखेरचा सप्ताह

विश्वंभर बापू पाया पडायला वाकला की त्याच्या साखळीतलं सोन्याचं पदक आधी तातेरावच्या अंगठ्याला लागायचं, मग कपाळ. काकडा आटोपला की रोजचं हे ठरलेलं. सप्ताहात ज्याच्या गळ्यात वीणा असेल तो देवाच्या जागी. मग बाकीचं वर्षभर तो अडतीवर हळदीची पोती का शिवत असेना. मंडपात येणारा आधी विणेकऱ्याच्या पायावर डोकं टेकतो, मगच सतरंजीवर बसतो. सहाव्या दिवशीही बापू वाकला, "रामकृष्णहरी, विणेकरी" म्हणाला, आणि उठता उठता कुणी फोटो काढला की नाही ते पाहून घेतलं. काढला होता.

तातेरावला त्याचं काही वाटलं नाही. ज्याचा भाव त्याच्यापाशी. त्याचं लक्ष पायाखालच्या मातीत होतं. ही माती त्याची स्वतःची होती.

जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला होता. दाभण आणि सुतळीनं पोत्यांची तोंडं शिवता शिवता बोटं आणि पायाचे तळवे कायमचे पिवळे झाले होते. गावातल्या एकूण एक सप्ताहात तो उभा राहिला होता, पण लोकांच्या जागेवर. बायको पार्वतीबाई म्हणायची, "अवं, दुसऱ्याच्या दारात देव नाचवता, आपल्या दारात कवा?" दार असल्याशिवाय देवाला बोलवायचं कुठं? मग गावाची नगरपंचायत झाली, आणि वारंगा फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर बापूनं लेआउट टाकला. लेआउट मंजूर करून घ्यायचा तर त्यातले काही लहान प्लॉट गरिबांना राखून द्यायचे असा नियम. बापूनं मोठ्या मनानं कोपरा दिला, जिथं गावची मेलेली गुरं ओढून टाकत. सोडत निघाली. त्यात तातेरावला एक प्लॉट लागला, आणि शेजारचा तांड्यावरच्या जिवनबाईला.

पुढं रस्ता रुंद झाला. ढाबे आले, टायरवाले आले, आणि आपण गरिबांना हाडकं म्हणून सोनं वाटून बसलो हे कळल्यावर बापूला अन्न गोड लागेना. पण नियम आडवा. राखीव कोपऱ्यात दुकान काढता येत नाही, प्लॉटाला प्लॉट जोडता येत नाही, विकत घेता येत नाही. एकच फट होती. मार्चअखेरपर्यंत ज्यानं जोत्याचं काम सुरू केलं नसेल त्याचं वाटप रद्द, प्लॉट लेआउटवाल्याकडं परत. परवानगीचे कागद कचेरीनं मुळात मार्च अर्धा सरल्यावर दिले. कागद हातात पडताच लोक दगड-वाळूच्या मागं लागले, तर बापू नारळ घेऊन हजर.

"हाडकं पडायची जागा ही," तो म्हणाला होता. "अशी कशी कुदळ मारता? आधी सात दिवस हरिनाम होऊ द्या, जागा शुद्ध होऊ द्या. मंडप माझा, महाराज माझे, पंगत माझी. मुदतीचं म्हणाल तर मी साहेबांशी बोललोय. वाढवून मिळती."

तातेरावच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माणसाला इतकं सुचतं, यालाच पुण्याई म्हणायची. त्यानंच घरोघरी जाऊन लोकांना तयार केलं. विणेकऱ्याची जागाही त्यानंच धरली, बरोबर आपल्या प्लॉटच्या मधोमध, जिथं पार्वतीबाई चूल मांडायची म्हणत होती.

त्या सहाव्या दिवशी उन्हं वर चढल्यावर जिवनबाई मंडपात आली. ही एरवी मागं, जिथं आचाऱ्यानं चुलीचे लांब चर खणले होते तिथं, भाकरी थापायला असायची. ते चर तिच्याच प्लॉटवर होते. ती तातेरावच्या पायाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. लोकांना वाटलं, म्हातारीचा भाव दाटला.

"दादा," ती त्याच्या पायांशी कुजबुजली, "कचेरीत जाऊन आले मी, घरकुलाचा हप्ता पुसायला. रामपरसाद साहेब म्हनला, मुदत कोणीच मागितली न्हाई. उद्याच आखरी."

उद्या काल्याचं कीर्तन होतं.

तातेरावचं बोट तारेवर फिरत राहिलं, कारण त्याला थांबायची मुभा नव्हती. पण तोंडातलं नाम कुठं गेलं ते त्याला कळलं नाही. ओठ नुसते हलत होते. पुढच्या पहाऱ्याचा विणेकरी दगडोबा आला तेव्हा त्यानं वीणा त्याच्या गळ्यात घातली, त्याच्या पाया पडला आणि मंडपामागं गेला.

तिथं कूलर लावून बापू आणि महाराज बसले होते. महाराजांच्या गळ्यावर तातेरावचा जीव होता. असा गळा देव दहा गावांत एकाला देतो. संध्याकाळी ते चाल धरत तेव्हा तातेरावला वाटे, अडतीवरची सगळी धूळ छातीतून निघून चालली आहे. आता तोच गळा काजूची बर्फी गिळत होता.

तातेरावनं उभ्यानंच विचारलं, मुदतीचं काय झालं.

बापू दचकला नाही, खोटंही बोलला नाही. त्याला आता त्याची गरज उरली नव्हती.

"राहून गेलं बघा. मार्चची गडबड. पण मी कुठं अडवतो तुम्हाला? आज दिवस आहे, उद्या दिवस आहे. मंडप काढा, बायालेकरांना उठवा, अखंड नाम मोडा. वीणा तुमच्याच हातानं खाली ठेवा आणि मारा कुदळ. मी काही बोलणार नाही. गाव काय बोलंल ते तुमचं तुम्ही पाहा."

"बापू, तुमाला ठावं व्हतं," तातेराव म्हणाला. "मी वीना खाली ठेवत न्हाई, हे ठावं व्हतं."

"म्हणून तर तुम्हाला विणेकरी केलं." बापू हसला. "जागेचं काय घेऊन बसलात? नाल्याकडं जागा पडली आहे, बघू तिकडं. देवाचं चाललंय तेवढं चालू द्या."

तातेरावनं महाराजांकडं पाहिलं. सहा दिवस हा माणूस लोभ म्हणजे काय ते गावाला गाऊन सांगत होता. महाराज डबा बंद करत होते. झाकण नीट बसत नव्हतं.

रागानं माणूस तापतो. तातेराव तापला नाही. त्याला शिसारी आली, भाकरीत केस निघावा तशी. या माणसानं त्याची लबाडी नव्हती हेरली, त्याची भक्ती हेरली होती, आणि तिच्यावर ओझं लादून सहा दिवस तिला गाढवासारखी राबवली होती. आपण मात्र त्याच्या कपाळाला रोज पाय देत होतो.

घरी पार्वतीबाईनं ऐकून घेतलं. रडली नाही. "तुमचा देव लई भोळा हाय," एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "न्हाई, देव कशाला, तुमीच." पुनमचंद, जिवनबाईचा मालक, सांजच्याला येऊन बसला. त्याचं म्हणणं, उद्या सकाळी सगळ्यांनी मिळून मंडपच मागं सरकवावा. पण फिरून पाहिलं तर कोणी तयार होईना. ज्याची त्याची गत तातेरावसारखी. देवाचं नाव चालू असताना सतरंजी ओढायची कुणी? आणि खरं म्हणजे, ज्यांना प्लॉट नव्हते त्यांना पंगत सोडवत नव्हती. बुंदी होती.

काल्याच्या दिवशी मंडप ओसंडला. वीणा तातेरावच्या गळ्यात होती. काल्याच्या कीर्तनात विणेकरी बदलत नाहीत. आणि बदलला असता तरी त्याच्या प्लॉटवर सबंध गावच्या बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या ओळीत फेटा बांधून बापू. गळ्यात हार, बाजूला पुढारी.

महाराजांनी गोकुळ उभं केलं. गोपाळांच्या शिदोऱ्या आल्या, कुणाची शिळी, कुणाची ताजी, कुणाची नुसतीच ताकभाकरी, आणि देवानं सगळ्या एकत्र केल्या. कुणाची कुठली ते देवालाही ओळखू येईना. आवाज असा लागला होता की मृदंग वाजवणाऱ्यानं डोळे मिटून घेतले. तातेरावनं ठरवलं होतं, ऐकायचं नाही. नुसतं उभं राहायचं. पण भरून आलंच. बर्फी खाणाऱ्या या गळ्यातून देव अजून येत होता, आणि त्याला अडवता येत नव्हतं, याची त्याला लाज वाटली.

तो सगळ्यांत उभा, म्हणून मंडपाच्या कनातीवरून त्यालाच मागचं दिसत होतं. सैपाक उरकला होता. आचारी भांडी उचलत होते. जिवनबाईनं चुलीच्या चरात घागरीनं पाणी ओतलं. राख फसफसून वर आली. ती चरात उतरली, कुदळीनं तळ सारखा केला, आणि पुनमचंदनं वरून दिलेला पहिला दगड तिनं बसवला. तिच्या दोघी सुना सिमेंट-वाळूचा मसाला कालवत होत्या. दोन्ही चर समांतर होते, घराच्या भिंतींसारखे. नुसतं दोन्ही टोकांना आडवं खणायचं राहिलं होतं.

बापूच्या कानाशी कुणीतरी येऊन वाकलं. बापूची मान मागं वळली. तो उठायला गेला, तोच महाराजांनी टाळ्या वाजवायला सांगितलं आणि सगळा मंडप विठ्ठलाच्या गजरात उभा-आडवा हलू लागला. काल्याच्या कीर्तनातून यजमान उठून जात नाही. गेला तर गाव विचारतं. बापू बसला. मग त्यानं महाराजांकडं पाहून दोन बोटं हवेत फिरवली: वाढवा. आपण मागचं थांबवू शकत नाही, तर निदान पुढचे तरी उठू नयेत.

महाराजांनी वाढवलं. गोकुळातून मथुरेकडं निघाले, वाटेत आणखी दोन गोष्टी सांगितल्या.

कचेरीतला रामप्रसाद पंगतीला आलाच होता, आणि त्याला परतायचं म्हणून आधीच मागं वाढलं होतं. सप्ताहाचं जेवण कुठली कचेरी सोडते? जिवनबाईनं त्याला पत्रावळीपाशीच गाठलं. काय बोलली ते तातेरावला ऐकू आलं नाही. पण रामप्रसादच्या एका हातात बुंदीचा द्रोण होता, आणि दुसऱ्या हातानं तो चराचा, दगडांचा, दगडांशेजारी ताठ उभ्या राहिलेल्या जिवनबाईचा फोटो नोंदीसाठी घेत होता. मग त्यानं घड्याळ पाहिलं, मंडपाकडं पाहिलं, खांदे उडवले आणि मोटरसायकलला टांग मारली.

कीर्तन संपलं, हंडी फुटली, लाह्या-दही सगळ्यांच्या हातांवर पडलं, तोवर कचेरीला कुलूप लागलं होतं. आता कुणी जोतं घातलं तरी त्याची नोंद घ्यायला कुणी नव्हतं.

गाव रांगेनं विणेकऱ्याच्या पाया पडायला लागलं. त्यात बापूही आला. मागं फोटोवाला. बापू वाकला, पदक लोंबलं, आणि तातेरावनं पाय मागं घेतला.

एकच पाऊल. वीणा हलली नाही. बापूचा हात मातीला टेकला. असं कुणी कधी केलेलं पाहण्यात नव्हतं. विणेकरी चोरालाही पाय देतो. बापूनं मान वर केली. फेट्याखालचं तोंड लाल झालं होतं.

"काहून हो, विणेकरी?"

"ही जागा अजून शुद्ध व्हायची हाय, बापू," तातेराव म्हणाला. "तुमी वाकू नका."

कुणीतरी खोकलं. मागं बायांत कुणी हसली, आणि तोंडावर पदर गेला. बापू उठला, गुडघा झटकला आणि निघाला. पाठोपाठ महाराजही निघाले, कारण गाडी बापूची होती.

वीणेची पूजा करून तातेरावनं ती गवसणीत घातली. मंडपवाले बांबू उपटायला लागले. दिवस मावळायला अजून अवकाश होता. उघड्या पडलेल्या कोपऱ्यात त्याचा प्लॉट पहिल्यांदाच पुरता दिसला: लहानसा, सतरंज्यांखाली सपाट झालेला, आणि मधोमध सात दिवसांच्या उभ्या पायांनी गुळगुळीत केलेला एक ठिपका. पार्वतीबाई त्याच्या काठाशी येऊन उभी राहिली.

"पाय मागं घेतला म्हनं?"

"व्हय."

"सात दिस उशिरा," ती म्हणाली, आणि कमरेला पदर खोचला. "तिकडं त्या बाईला भरावाला माती न्हाई."

तातेरावनं पुनमचंदची कुदळ मागून आणली. पहिला घाव त्यानं ठिपक्यावरच घातला. माती घट्ट बसली होती, तुकडे निघत होते. पाटी भरली तसा लेआउटवरचा राखणदार आला. म्हणाला, इथली माती उचलायची नाही, बापूशेठनं सांगितलंय.

"उद्यापासून शेठची," तातेराव म्हणाला. "आज माजी हाय."

राखणदारानं त्याच्या पिवळ्या पायांकडं पाहिलं. त्यानंही दुपारी त्या पायांवर डोकं ठेवलं होतं. तो बाजूला झाला.

पार्वतीबाईनं पाटी डोक्यावर घेतली आणि शेजारच्या जोत्याकडं नेली. जिवनबाई चराच्या काठावर बसली होती. तिनं पाटी ओतू दिली नाही. आधी मातीत अडकलेल्या काल्याच्या लाह्या एकेक करून वेचल्या, पदरात बांधल्या, आणि मग दगडांच्या मधल्या जागेत माती ओतून अनवाणी पायांनी ती चोपायला लागली.