खुर्चीवरचा कोट

गुलाबी लग्नपत्रिका, मधोमध घडी पडलेली.

अकरा हात तांब्याची तार.

एप्रिलमधली एक खुर्ची, हात लावला तर चटका देणारी.

डांबराच्या गोळ्या.

‘वकील हजर. प्रश्न नाहीत.’

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. मी केशवराव ठवकर वकिलांचा काळा कोट. आता काळा राहिलो नाही, विटकरी झालो आहे. पण जन्माला आलो तेव्हा काळाच होतो. १९६१ साली नागपुरात महालातल्या एका शिंप्याने मला शिवलं. शेवटचं बटण लावून त्याने दाताने दोरा तोडला, म्हणाला, “घ्या वकीलसाहेब, आता जज व्हाल तेव्हाच नवा शिवा.”

केशवराव मला घेऊन तालुक्याच्या गावी आले. नागपूरहून तासाभराची बस. गावाचं नाव राहू द्या. तिथे कोर्टाच्या दोन खोल्या होत्या आणि वकिलांची एक पद्धत. एका खोलीत काम चालू असताना दुसरीकडे जायचं झालं, की वकील आपला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून जायचा. कोट दिसला म्हणजे वकील आवारातच आहे, असं सगळे धरून चालत. उन्हाळ्यात तर मी केशवरावांच्या अंगावर कमी आणि खुर्चीवर जास्त असायचो. सोबतचे वकील चिडवत, “केशवराव, तुमच्यापक्षा तुमचा कोटच जास्त वकिली करते!”

मला ते ऐकून अभिमान वाटायचा. हे मी लपवत नाही.

१९६७. लहानू नावाचा खाणकामगार तारेच्या चोरीत पकडला गेला. साक्षीदार एकच, खाणीचा चौकीदार. त्याने लहानूला तार नेताना पाहिलं म्हणे. लहानूची बायको रुखमाबाई एक लग्नपत्रिका घेऊन आली. ज्या दिवशी चोरी झाली, त्या दिवशी चौकीदार पारशिवनीला बहिणीच्या लग्नात होता. पत्रिकेवर तारीख होती, खाली त्याचंच नाव होतं.

“बस,” केशवराव म्हणाले, “एकच प्रश्न विचारायचा आहे त्याला.” आणि पत्रिका त्यांनी माझ्या आतल्या खिशात ठेवली.

साक्षीच्याच मंगळवारी केशवरावांची नागपुरात न्यायाधीशपदासाठी मुलाखत निघाली. कोर्टाकडून साक्षीची पुढची तारीख मागून घेता आली असती. पण मुलाखतीचं गावात कळू नये असं त्यांना वाटत होतं. सकाळी त्यांनी मला खुर्चीवर टाकलं, पिशवीतून नवा कोट काढला आणि पहिली बस पकडली. दुपारी तीनच्या आत आपलं प्रकरण निघणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

प्रकरण साडेबाराला निघालं.

“वकीलसाहेब कुठं गेले गा, भैयाजी?” रुखमाबाईने पट्टेवाल्याला विचारलं.

“अवं, कोट दिसून नाही राहिला का तुले? चहा पिऊन राहिले असतीन.”

चौकीदार बोलला. न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं, “आरोपीचे वकील?”

“हायेत साहेब,” भैयाजीने माझ्याकडे बोट दाखवलं. “कोट हाये ना.”

न्यायाधीशांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ढिगात अजून तीस प्रकरणं होती. त्यांनी लिहून घेतलं : वकील हजर. प्रश्न नाहीत.

पत्रिका माझ्या खिशात होती, मित्रांनो. चौकीदारापासून चार हातांवर.

लहानूला दोन वर्षांची सजा झाली. अपील करायचं तर वकील त्या दिवशी नव्हता हे सांगायला हवं होतं, आणि ते एकच माणूस सांगू शकत होता.

“तुमी नव्हते, एवढंच लिहून द्या ना साहेब,” रुखमाबाई म्हणाली. “मले दुसरं काही नाही पायजे.”

“बाई, तसं लिहिलं तर माझी नेमणूक जाईल.”

“अन् त्याइचे दोन वर्सं?”

केशवराव मला झटकत राहिले. माझ्यावर धूळ नव्हती.

अपील फेटाळलं गेलं : वकील हजर होता. केशवराव न्यायाधीश झाले. लहानू सुटून आला तेव्हा खाणीने त्याला परत घेतलं नाही. वीटभट्टीवर जातो म्हणून निघाला, तो घरी आलाच नाही. रुखमाबाईने दोन वर्षं भट्ट्या पालथ्या घातल्या.

न्यायाधीश ठवकर फार कडक निघाले. प्रत्येक वकिलाने उभं राहून तोंडाने ‘हजर’ म्हटल्याशिवाय ते काम सुरू करत नसत. खुर्चीवर नुसता कोट दिसला, की पट्टेवाल्याला तो बाहेर नेऊन ठेवायला लावत. १९८४ साली निरोपाच्या भाषणांत या शिस्तीचं कौतुक झालं. ते खाली बघत बसले होते.

त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई मला बोहारणीला द्यायला निघाल्या, तेव्हा केशवरावांनी मला त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. तेव्हापासून मी नागपूरच्या घरातल्या कपाटात आहे. कसर बाहीपासून खांद्यापर्यंत आली आहे. आतल्या खिशात त्यांनी एकदाही हात घातलेला नाही.

मित्रांनो, कपड्यांना ऊन दाखवा, त्यांची निगा राखा. पण आपल्या जागी आम्हाला ठेवून जाऊ नका. आम्हाला उभं राहता येत नाही, विचारता येत नाही. माझं ऐकून कुणी थांबेल, असं मला वाटत नाही.

त्या मंगळवारी मुलाखती झाल्याच नव्हत्या. त्या पुढच्या सोमवारवर गेल्याची चिठ्ठी सकाळी दहालाच तिथल्या दारावर लागली होती, आणि गावाकडे परतणारी बस साडेदहाला सुटून साडेअकराला पोचत होती.