मॉनिटरचा बिल्ला

मृणालीने चप्पल झटकून आतली राख काढली आणि पुन्हा चालू लागली. खारबावच्या पुढे रिक्षावाल्याने तिला रस्त्यावरच उतरवलं होतं. वीटभट्टीपर्यंत नेऊन टायरची वाट लावायला तो तयार नव्हता. तिच्या पर्समध्ये मॉनिटरचा बिल्ला होता. तो दाखवला की तानी आपणहून निघेल, अशी तिची भाबडी समजूत होती.

तानी चौथीतली. पाड्यावरच्या शाळेत चारही इयत्ता मृणालीच्या एकाच वर्गात बसायच्या. दोन वर्षं तिने शाळा नुसती डोक्यावर घेतली होती. पुढच्या दोघींच्या वेण्या एकमेकींना बांधायच्या, बाईंचं वाक्य संपायच्या आत त्यांची नक्कल करायची. ओरडून ओरडून मृणालीचा घसा बसायचा. मग केंद्रावरच्या प्रशिक्षणात केसरीनाथ सरांनी सांगितलं, जे मूल सर्वांत जास्त छळतं त्याच्याच हाती वर्ग द्या, आणि ओरडू नका, टाळी वाजवा. प्रशिक्षणातलं एखादं वाक्य खरं निघण्याचा योग शिक्षकाच्या नशिबी क्वचितच येतो, तो मृणालीच्या नशिबी आला. जूनमध्ये तिने तानीच्या फ्रॉकला बिल्ला लावला. दोन टाळ्या, थोडं थांबून तिसरी, आणि तिसरीला सगळ्यांचे हात डोक्यावर. दिवाळीपर्यंत पहिलीतली रडवी पोरंही तानीच्या तिसऱ्या टाळीला गप्प बसू लागली. तानी स्वतः भागाकार शिकली, एकही दिवस शाळा चुकवेना. वर्ग छान सांभाळणारी शिक्षणसेविका म्हणून मृणालीचंही नाव झालं. सरांनी तिला पुढच्या बैठकीत या उपक्रमावर बोलायला सांगितलं होतं.

दिवाळीनंतर अर्धा पाडा कामाला भट्टीवर गेला, तेव्हा तानीला आजीजवळ मागे ठेवायचं तिच्या आईबापाने, कमळाने आणि नवशाने, कबूल केलं होतं. ठेवलंही. संक्रांतीला बिल्ला बाईंकडे ठेवून ती दोन दिवसांसाठी आईला भेटायला गेली. त्याला आता सहा आठवडे झाले होते. परीक्षा बुडाली की पाचवी गेली, आणि पाचवी गेली की तानी गेली, हे मृणालीला पक्कं ठाऊक होतं.

कच्च्या विटांच्या रांगांपलीकडून आवाज आला. दोन टाळ्या. थोडं थांबून तिसरी.

ताडपत्रीच्या सावलीत चौदा-पंधरा लहान पोरं डोक्यावर हात ठेवून ओळीत बसली होती. समोर तानी उभी होती, कडेवर कुणाचं तरी तान्हं. बाईंना पाहून ती हसली, पण जागची हलली नाही.

कमळा मातीचे हात तसेच घेऊन आली. मृणालीने वाटेत जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. परीक्षा एप्रिलमध्ये आहे, राहिलेला अभ्यास मी भरून काढीन, पाचवीला नाव मी स्वतः घालीन. कमळाने मधे तोंड न घालता ऐकून घेतलं. मग गेल्या साली रंगूबाईचं पोर खेळता खेळता पेटत्या भट्टीकडे गेलं आणि पाय भाजून बसलं, ते तिने सांगितलं. यंदा एकही पोर तिकडे फिरकलं नव्हतं.

"तुमी शिकवलं ना बाई, तेच कामाला आलं," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. ती मनापासून आभार मानत होती, आणि त्यानेच मृणालीचा जीव जास्त जळला.

तेवढ्यात मुकादम रघू चहा घेऊन आला. माणूस अदबीचा होता. आता पोरांपायी बायांना हातातलं काम टाकून उठावं लागत नाही, विटा झपाट्याने पडतात, शेठ खूश आहेत, असं त्याने सांगितलं. तानीला सोडणार नाही, असं मात्र तो म्हणालाच नाही. ते सांगायची गरजच त्याला वाटली नसावी.

"बाई, एक विचारू? शेठची पलीकडे दुसरी भट्टी हाय," तो म्हणाला. "अशीच अजून एखादी पोरगी हाय का तुमच्या वर्गात?"

मृणालीने कप तसाच विटांवर ठेवला आणि निघाली. तानी तिच्यामागे चार पावलं आली.

"बाई, आता मॉनिटर कोण हाय?"

"कुणी नाही."

"मंग पोरं गप कशी बसतात?"

मृणालीचा हात पर्समध्ये होता. बोटांना बिल्ल्याची पिन लागत होती. तिने बिल्ला बाहेर काढला नाही. मागे एक पोरगं उठून पळायला लागलं, तशी तानी वळली आणि त्याच्यामागे धावली.

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता कालवा होता. तानीनंतर वांडपणात पहिला नंबर तिसरीतल्या जागृतीचा. ती सगळ्यांच्या मधे उभी राहिली. दोन टाळ्या वाजवल्या, थांबली, तिसरी वाजवली. अर्ध्या वर्गाने डोक्यावर हात ठेवले.

"बाई, मी होऊ मॉनिटर?"

मृणालीने पर्समधला बिल्ला काढला, कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

"खाली बस," ती म्हणाली. "पुन्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत."

जागृती हिरमुसून बसली. हळूहळू डोक्यावरचे हात खाली आले, कुणीतरी कुणाची पाटी ओढली, आणि कालवा पुन्हा सुरू झाला. मृणालीने पट्टी टेबलावर आपटली आणि पूर्वीसारखी ओरडू लागली. घसा बसेपर्यंत ती ओरडत राहिली.