पाल्यातली वेल

"उपटलेली वेल पाल्यात मिसळू नको, मेघा. खडकावर वाळू दे," केसरबाईंनी सुनेला बजावलं होतं.

मेघा हसली होती. "आत्याबाई, उपटली म्हणजे मेली ती!" आणि पाल्याबरोबर तणाची ती हिरवी वेलही तिनं अद्रकीच्या वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरली.

श्रावणातल्या झडीत वेलीच्या पेरापेराला मुळ्या फुटल्या. पंधरा दिवसांत तिनं अद्रकीचे शेंडे आवळून जमिनीला टेकवले.

शेजारचे कडुबा पाठीला तणनाशकाचा पंप लावूनच आले. "औषध मार अन् मोकळी हो. हातानं किती उपटशील? शिकलेली ना तू?"

"शिकलेय, म्हणून तर फसले, मामा. तुमच्या औषधानं अद्रकबी जळंल. अन् माझी पोरगी माती तोंडात घालते. पंप खाली ठेवा, चहा प्या, नायतर खुरपं घ्या."

कडुबा चहा पिऊन गेले.

तेव्हापासून सासू-सून वेलीचं पेर न् पेर वेचून खडकावर वाळवतात. बावीसपैकी सोळा वाफे मोकळे झालेत. उरलेलेही वेलीला द्यायचे नाहीत, हे ठरलंय.

आज मात्र पोरीला लस द्यायला मेघाला कन्नडला जावं लागलं, अन् गुडघा आखडलेल्या केसरबाई रानात एकट्याच आहेत. एसटीत बसल्यापासून तिचा जीव तिकडंच आहे. तुम्ही त्या वाटेनं जात असाल, तर बांधावरून एक हाक मारा. 'घरी चला' म्हणू नका, त्या ऐकायच्या नाहीत. पाणी पिल्या का, तेवढं बघा.