डोक्यावर उभे राहिलेले शहर

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे. डोंगरावर वसलेल्या एका शहराच्या माथ्यावर, लोखंडी कठड्यापाशी, लाकडी तिवईवर मी उभी असते. सुट्टीत हवापालटाला आलेले लोक शेवटचा चढ चढून धापा टाकत येतात, एक डोळा मिटतात आणि दुसरा मला लावतात. इतक्या जवळून मी माणसांचे डोळे पाहिले, तरी त्या डोळ्यांना नेमके काय दिसते हे कुतूहल अजून संपलेले नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे भिंगे घासणारी एक बाई होती. ती भिंग घासायची, तोंडाची वाफ सोडून पुसायची, उजेडाकडे धरून नाक मुरडायची आणि पुन्हा घासायला बसायची. पुढे काही वर्षे मी रस्ते आखणाऱ्यांबरोबर डोंगर तुडवले. रस्ता झाला, मोटारी वर येऊ लागल्या आणि माझे काम संपले. तेव्हा त्यांच्यातल्या एका मजुराने मला मागून घेतले आणि या कठड्यापाशी उभे केले. तेच हे दुर्बीणवाले काका. त्यांची बायको शेजारीच चहाची किटली मांडून बसते. तिला सगळे काकू म्हणतात.

काकांची कामाची एक रीत होती. तिवईवरच्या चकतीला त्यांनी कानशीने खाचा पाडल्या होत्या. पहिली खाच नदीवरच्या पुलाची, दुसरी शाळेची, तिसरी घड्याळाच्या मनोऱ्याची आणि शेवटची बर्फाच्या शिखराची. अंगठ्याने खाच चाचपायची, मला तिथे अडकवायचे आणि बोलायला लागायचे. "हां, आता बघा. खाली नदी, नदीवर पूल. पुलाच्या डाव्या हाताला लाल छपराची शाळा." ऐकणाऱ्याला वाटे, या माणसाची नजर घारीची आहे.

खरे काय ते फक्त मला ठाऊक होते. पूर्वी काका रोज सकाळी मला डोळा लावत. मग त्या डोळ्यावर दुधावरच्या सायीसारखे काहीतरी दिसू लागले. काही दिवसांनी दुसऱ्यावरही. एका सकाळी ते कितीतरी वेळ डोळा लावून उभे राहिले आणि त्यानंतर चार वर्षे त्यांनी मला डोळा लावलाच नाही. वाट पायांना पाठ होती, खाचा अंगठ्याला. त्यांच्या थोरल्या भावाचा एक डोळा शस्त्रक्रियेत गेला होता, त्यामुळे दवाखान्याचे नाव काढले तरी त्यांना धडकी भरे. शिवाय न दिसणाऱ्या माणसाला दुर्बिणीपाशी कोण उभे राहू देणार? नगरपालिकेचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. कळले तर जागा जाणार. म्हणून ही झाकली मूठ त्यांनी काकूपुढेही उघडली नाही.

एका पावसाळ्यानंतर माझ्या नळीत बुरशी धरली. काकांनी मला बाजारातल्या घड्याळजीकडे नेले. दुर्बीण त्याने जन्मात उघडली नव्हती, पण नाही म्हणणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने माझी सगळी भिंगे काढून पुसली. ती परत बसवताना, चित्र सुलटे करणारी मधली दोन भिंगे त्याच्या डबीतच राहिली. मग त्याने दुकानासमोरच्या पांढऱ्या भिंतीवर मला रोखले आणि नळी आत-बाहेर सरकवत भिंत स्वच्छ दिसेपर्यंत जुळवले. आता भिंत उलटी काय आणि सुलटी काय!

"काका, तुम्ही एकदा बघून घ्या," तो म्हणाला.

काकांनी बघितल्यासारखे केले. "लख्ख," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुट्टीची गर्दी होती. सर्वांत आधी एक जाडजूड गृहस्थ, त्यांची बायको आणि बहीण असे तिघे आले. बहिणीने डोळा लावला.

"दादा, अरे पूल वर आणि नदी त्याच्याही वर. घरं तर वटवाघळांसारखी लटकलीत."

दादांनी पाहिले. त्यांनी घसा खाकरला. "दुर्बिणीतून असंच दिसतं. विज्ञान आहे ते."

"विज्ञानात तीनदा नापास झालेल्या माणसाला बरं ठाऊक," त्यांची बायको म्हणाली.

"काकांना विचारा ना," दादा म्हणाले. "काय हो काका, असंच दिसतं की नाही?"

काकांना काही उमगेना. "अगदी असंच," ते म्हणाले. "आता पुलाच्या डाव्या हाताला बघा, लाल छपराची शाळा."

"उजव्या हाताला आहे," बहीण चाचरत म्हणाली. "आणि छप्पर निळं आहे."

चहा गाळणारी काकू थांबली. शाळेचे लाल छप्पर कधीच निळे रंगवले गेले होते, हे तिला ठाऊक होते. इतक्या वर्षांत ती माझ्यापाशी कधी आली नव्हती. घरचाच डोंगर, त्यात काय बघायचे, असे ती म्हणे. त्या दिवशी मात्र तिने पदराला हात पुसले आणि मला डोळा लावला. तो डोळा आधी हसला. मग हसू विरले.

"अहो, सकाळी यातून बघितलंत ना?"

"बघितलं की."

"काय दिसलं?"

"रोज दिसतं तेच."

काकूने रिकामा हात पुढे केला. "बरं, हा चहा घ्या."

काकांनी पेला घ्यायला हात लांबवला आणि त्यांच्या बोटांत तिचा रिकामा तळवा आला. तो त्यांनी सोडला नाही.

"कधीपासून?" तिने विचारले.

"चार वर्षं झाली."

"आणि मी समजत होते, भातातले खडे तुम्ही माझ्या मायेपोटी गिळता."

"थोरल्याचा डोळा गेला ना गं."

"भाऊजींचा एक गेला. म्हणून तुम्ही दोन्ही घालवणार?"

"आणि परवाना?"

"कचेरीत काय सांगायचं ते मी बघते. गर्दी ओसरली की डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. तोवर दुर्बीण मी फिरवीन, बोलायचं तुम्ही. फक्त छपरांचे रंग आधी मला विचारत जा."

घड्याळजी ओशाळून डबी घेऊन धावत आला आणि माझी भिंगे जागेवर बसली. थंडीत गर्दी ओसरल्यावर काकांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दवाखान्याच्या दारापर्यंत काकूने त्यांचे मनगट सोडले नाही म्हणे.

ते परत आले तेव्हा शहरात पुन्हा पाहुणे भरले होते. काकांनी मला डोळा लावला. पांढरा पडदा नव्हता, ओल्या काळ्या बुबुळात अख्खे शहर मावले होते. शिखराकडे ते वळलेच नाहीत. त्यांनी खाच सोडली आणि मला हवे तसे फिरवले. शाळेचे निळे छप्पर, पुलाचा नवा कठडा, दुकानात पेंगणारा घड्याळजी, आपल्याच अंगणातली दोरी आणि तिच्यावर वाळणारी काकूची चादर.

"अहो, लोक खोळंबलेत," काकू म्हणाली.

"खोळंबू देत. मीही आज शहर बघायला आलोय."

मित्रांनो, चार वर्षांत किती पाहुण्यांनी ते निळे छप्पर पाहिले असेल, पण 'कशाला उगीच बोला' म्हणून सगळे गप्प राहिले. तुम्ही माझ्याकडे आलात आणि काही वेगळे दिसले, तर मोकळेपणाने सांगा. माझ्या भिंगाला बोट लावू नका, मऊ फडक्याने हलकेच पुसा. आणि पुढचा माणूस बराच वेळ डोळा लावून उभा असेल, तर त्याला मागून ढोसू नका. कोण जाणे, तो किती वर्षांनी बघत असेल.