नारळ फुटला माझ्या नाकावर

मी होडी बोलतेय. पालथी पडलेय, त्यामुळे आवाज दबून येतोय, जरा जवळ या. बसायचं तर त्या दगडावर बसा, माझ्या पाठीवर नको. लई थकलेय मी.

जन्म माझा माजलगावचा, वेल्डिंगच्या दुकानातला. जुने पत्रे ठोकून मला बनवलं आणि टेम्पोत घालून इथं बालाघाटच्या डोंगरात, या तलावावर आणलं. तलावाचं पाणी दोन डोंगरांच्या खाचेत लांबवर घुसलंय आणि पलीकडच्या काठाला लोकांची शेतं. मग काय, माणसं, शेरडं, खताची पोती, एकदा तर अख्खा नवरदेव मुंडावळ्यांसकट वाहिलाय मी. उतरताना सगळे माझ्याच काठावर पाय देऊन उतरले. मागं वळून कुणी बघितलं नाही.

माझा मालक धर्मराज. वल्हं त्याच्या हातात आणि आत साचलेलं पाणी डबड्यानं उपसायचं काम त्याच्या बायकोचं, मंजुळाबाईचं. पण दिवाळी झाली की दोघं ऊस तोडायला कारखान्याकडं जायची आणि मी काठावर उन्हात तापत पडायची.

यंदा मंजुळाबाईची कंबर गेली. "औंदा माझ्यानं मोळी उचलायची न्हाई," ती धर्मराजला म्हणाली, "कायबी करा, पण इथंच ऱ्हाऊ."

तेवढ्यात गावचे पुढारी विजयसिंह परदेश फिरून आले. मोबाईल पुढं धरून म्हणाले, "हे बघ धर्मराज, तिकडं समुद्र असा डोंगरात घुसलाय. पाऊस उघडला की कड्यावरून धबधबे, अन् लोक बोटीत बसून बघत फिरतेत. आपल्याकडं काय कमी हाय बे? रविवारी पाहुणे आणतो. त्यांना आवडलं तर बारा महिने तुला हेच काम."

बारा महिने! मंजुळाबाई त्या दिवशी मला घासताना गाणं म्हणत होती. तिचं गाणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

माझ्या नाकाशी गंजून भोक पडलं होतं. धर्मराजनं त्यावर डांबर लावून पत्र्याचं ठिगळ बसवलं, वरून निळा रंग मारला. म्हातारपणी एवढं नटवलं मला, खरं सांगते, लाजच वाटली.

रविवारी सकाळी पाऊस उघडला. पाहुणे आले, नारंगी जाकिटं घालून उभे राहिले. नारळ फोडायला धर्मराजनं एक चांगला दगड धुऊन ठेवला होता. पण फोटोवाला म्हणाला, "दगडावर काय दादा, बोटीवर फोडा! फोटो चांगला येतो." मी काठाला नाक टेकून होते. विजयसिंहांनी हात उगारला. अहो, तिथं नको, तिथं नको! पण पत्र्याचं कोण ऐकतं? धर्मराजनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. ठिगळ आहे म्हणून सांगितलं असतं तर पाहुणे चढलेच नसते.

नारळ फुटला आणि माझं ठिगळही सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विजयसिंहांसकट माणसं बसली तसं माझं नाक पाण्यात गेलं. आम्ही खाचेत शिरलो. दोन्हीकडून कडे ओले, काळे, आणि जागोजागी पाणी कोसळत होतं. पाहुणे वर बघून "वा! वा!" करत होते. माझ्या नाकाशी बसलेल्या मंजुळाबाईचे पाय भिजले. तिनं खाली बघितलं, मग धर्मराजकडं. तो पांढराफटक पडला. तिनं नव्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला, भोकात कोंबला, वर टाच दाबली आणि त्या मोडक्या कमरेनं तशीच उकिडवी बसून राहिली. धर्मराजला डोळ्यांनीच खुणावलं, वळवा.

"मावशी, जरा बाजूला सरा ना, फोटोत येताय," एक पाहुणी म्हणाली.

मंजुळाबाई हलली नाही. "उठले तर पडंल मी, ताई. पाण्याचं भ्या वाटतं मला."

सगळे खो खो हसले. होडीवाल्याची बायको आणि पाण्याला भिते! तीही हसली त्यांच्याबरोबर. टाच मात्र तिनं माझ्या पत्र्यावर आणखी घट्ट रोवली.

कोरड्या अंगानं पाहुणे उतरले, खुश होऊन गेले. धर्मराज विजयसिंहांपुढं हात जोडून उभा राहिला. विजयसिंह म्हणाले, "फस्क्लास झालं बघ. आता मोठी मशीनची बोटच आणतो. तुला ठेवला असता रे, पण जोडीला माणूस पाण्यातला लागतो. तुझी बाई तर पाण्याला भेते."

धर्मराजनं जोडलेले हात खाली सोडले. खरं सांगायचं तर भोकाचंही सांगावं लागलं असतं. मंजुळाबाई फाटका पदर कमरेला खोचून खाली बघत होती. मला त्या घटकेला बुडून जावंसं वाटलं.

दिवाळी झाली, ट्रक आला. जायच्या आधी दोघांनी मला पालथं केलं. मंजुळाबाईनं वल्ही माझ्या पोटाखाली सारली. नाकाशी हात नेऊन चिंधी चाचपली, पण काढली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "आल्यावर नीट ठिगळ लावू." मग कमरेवर हात ठेवून चढ चढून गेली.

तुम्ही कारखान्याच्या बाजूला जाणार असाल तर कमरेवर हात ठेवून मोळी उचलणारी एक बाई दिसेल. तिला सांगा, वल्ही मी राखून ठेवलीत. आणि बाकी सगळ्यांना सांगा, ती पाण्याला भीत नाही.