पेडल नसलेला ब्रेक

मी बोटीचा ट्रेलर बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गायला आलेलो नाही. माझ्यावर एक आरोप झाला होता; माझ्यावर आणि एका पोरीवर. तो साफ खोटा होता. तेवढंच सांगायचंय, पण नीट सांगायचंय, म्हणून जन्मापासून सुरू करतो.

एका वर्कशॉपच्या पत्र्याखाली मी जन्मलो. लोखंडी चौकट, दोन चाकं, बोटीचं पोट टेकायला रबरी रोलर आणि पुढे लांब मान. त्या मानेचं टोक जीपला अडकवायचं. निळा रंग दिला तेव्हा मी नवऱ्यामुलासारखा दिसत होतो. आता रंग उडालाय, ऐट तेवढी शिल्लक आहे.

मला खरा अभिमान माझ्या ब्रेकचा. त्याला पेडल नाही. पुढची जीप हळू झाली की माझं ओझं मागून तिच्यावर रेलतं. त्या रेलण्यानेच मानेतली दांडी आत दबते, ब्रेकचं तेल चाकांकडे जातं आणि चाकं धरली जातात. कुणी सांगावं लागत नाही. अडचण एकच. जीप मागे घेतानाही दांडी दबते, आणि मी आडमुठ्या बैलासारखा जागच्या जागी उभा राहतो. बोट पाण्यात सोडायची तर मला उलटंच रॅम्पवरून पाण्यात न्यावं लागतं. म्हणून तेवढ्यापुरती दांडीत एक लोखंडी पिन अडकवतात, म्हणजे ती दबत नाही. काम झालं की पिन काढायची आणि मगच रस्त्याला लागायचं.

माझे मालक म्हणजे बाबा. घरात सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. समोरच्या बेटावर माणसं नेण्या-आणण्याचा त्यांचा धंदा. धक्क्यावर बोट ठेवायला सुरक्षित जागा नाही, त्यामुळे सकाळी बोट पाण्यात आणि संध्याकाळी माझ्या पाठीवरून घरी.

पहिले काही महिने बाबांनी पिन इमानेइतबारे काढली. मग एक दिवस घाई होती. मग रोजच घाई व्हायला लागली. "सारखं कोण उतरणार? रस्ता तो केवढा, तीन किलोमीटर," असं म्हणून त्यांनी पिन तशीच राहू दिली. ती बारा वर्षं राहिली. मी रोज उतारावर दांडी दाबून बघायचो, ती तसूभर हलायची नाही. बसून खाणाऱ्याच्या अंगाला चरबी चढते, बसून राहिलेल्या ब्रेकला गंज. त्यात रोज दोनदा खाऱ्या पाण्यात बुडी.

बाबा पहिल्या गिअरमध्ये, गोगलगायीच्या चालीने उतार उतरायचे. कधी काही झालं नाही. लोक म्हणायचे, काय हात आहे! नशिबाला हात म्हणायची माणसांना फार हौस असते.

मग बाबांच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. पेडल दाबलं की तोंडातून 'आई गं' निघायचं. तेव्हा त्यांची लेक पुढे झाली. चोवीस वर्षांची, बोटीचं इंजिन डोळे झाकून उघडणारी. पाठीला भिंत लागलेली असावी, असा तिचा स्वभाव; मागे हटत नाही. बाबांनी तिला सगळं शिकवलं. तिने माझ्या मानेकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, ही पिन कसली?"

"ती असतेच तशी. तिला हात लावू नकोस."

तिने नाही लावला. बापावर विश्वास ठेवला, ही तिची एकमेव चूक.

चौथ्या दिवशी ती मला घेऊन धक्क्याचा उतार उतरत होती. पहिला गिअर, बाबांचीच चाल. खाली बोटीची वाट बघत माणसं रांगेत उभी. तेवढ्यात गल्लीतून एक हातगाडी आडवी आली. पोरीने ब्रेक मारला. जीपची चाकं किंचाळली, आणि मागून बोटीसकट मी तिच्यावर आदळलो. मला थांबायचं होतं हो! पण मानेत पिन आणि चाकांत गंज. मी काय करणार? जीप रांगेच्या दिशेने घसरत निघाली. पोरीने क्षणात स्टिअरिंग वळवलं आणि आम्हाला जाळ्यांच्या ढिगात घातलं. जीपचं मडगार्ड चेपलं. एकाही माणसाला खरचटलंही नाही.

बाबा लंगडत आले आणि भर धक्क्यावर गरजले, "पाय पोचत नाही पेडलपर्यंत, आणि निघाल्या जीप चालवायला! आत्ता हातून एखादा मेला असता!" रांगेतले काही जण हसले. मग बाबांनी माझ्या चाकाला लाथ घातली. "आणि हे धूड एक!"

घरी आल्यावर पोरीने किल्ली टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दुखऱ्या गुडघ्याचे बाबा पुन्हा जीपमध्ये बसले. मला राग आला होता, आणि खरं सांगतो, भीतीही वाटत होती. त्या पायाने बाबा वेळेत ब्रेक दाबतील याची खात्री नव्हती. रांग तर रोज तिथेच उभी असते.

दोन दिवसांनी पोरगी एकटी उतारावर गेली. परत आली ती तडक माझ्याकडे. जमिनीवर आडवी होऊन तिने माझ्या चाकामागे टॉर्च मारला आणि स्वतःशीच म्हणाली, "जीपच्या टायरचे काळे पट्टे आहेत रस्त्यावर. तुझे एकही नाहीत. तू थांबायचा प्रयत्नच केला नाहीस, की तुला करू दिला नाही?"

बारा वर्षांत मला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

तिने बोट उतरवून ठेवली आणि मला रिकामाच, सायकलच्या वेगाने, मिस्त्रीकडे नेलं. सगळे त्याला हळूकाका म्हणतात. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आधी स्टूल देतो. त्याने चाक काढलं, हातोडीने ठोकून ड्रम सोडवला, आणि आतून मूठभर लाल भुकटी खाली पडली. ती माझी स्प्रिंग होती. ब्रेकचं तेल काळंकुट्ट झालं होतं, पिस्टन जागीच चिकटले होते. मग त्याने मानेकडे बघितलं.

"ही पिन कुणी ठेवली?"

"असतेच ना तशी?"

"अगं, ही फक्त मागे घेताना घालायची असते."

एवढ्यात रिक्षातून बाबा उतरले. कुणीतरी कळवलं असणार. त्यांनी भुकटी बघितली, पिन बघितली, आणि माणसं चूक कळल्यावर करतात तेच केलं. आवाज चढवला.

"बारा वर्षं ओढलाय मी हा. काही झालं नाही."

"कारण बारा वर्षं कुणी आडवं आलं नाही," हळूकाका म्हणाला.

"बरं, मग जे चाक जास्त खराब आहे तेवढं बदल."

"एकाच चाकाला ब्रेक लावला तर उतारावर हा आडवा होईल. दोन्ही चाकांचं सगळं नवीन घालणार. पटत नसेल तर घेऊन जा."

"घालाच, काका," पोरगी म्हणाली. बाबांकडे तिने बघितलंही नाही.

दोन दिवस काम चाललं. नवे ड्रम, नवे ब्रेक, नव्या नळ्या, नवं तेल. शेवटी नळ्यांतली हवा काढायची होती. पोरगी मानेशी बसून दांडी दाबायची, हळूकाका चाकाशी. "दाब. धर. सोड." बुडबुडे येत राहिले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ तेल आलं. माझ्या चाकांनी पकड घेतली तेव्हा मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. "आणि गरम चाकं एकदम पाण्यात घालायची नाहीत," हळूकाकाने बजावलं. "बाहेर आला की गोड्या पाण्याने धुवायचा."

बाबांनी किल्ली पुढे केली. "घे. चालव उद्यापासून."

"नाही."

"आता काय?"

"माझा पाय पोचत नाही, हे तुम्ही चारचौघांत म्हणालात. ते तिथेच जाऊन परत घ्या. मग चालवते."

हळूकाकाने बाबांपुढे स्टूल सरकवलं. बाबा बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर तीच रांग होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले, घसा खाकरला, आणि ज्याला आयुष्यात कधी माफी मागता आली नाही तो माणूस म्हणाला, "त्या दिवशी पोरगी चुकली नव्हती. तिच्यामुळे तुम्ही वाचलात. चूक माझी होती." आणि ते रांगेच्या सगळ्यात पुढे, बरोबर उतार संपतो तिथे जाऊन उभे राहिले.

वरून पोरीने बोटीसकट मला उतारावर घातलं. उताराच्या मध्यावर तिने मुद्दाम ब्रेक दाबला. मी रेललो, दांडी दबली, आणि मी थांबलो. जीपला धक्कासुद्धा लागला नाही. बाबा जागचे हलले नाहीत. तिने काच खाली केली. "बाबा, बाजूला व्हा. मला वळवून रिव्हर्स घ्यायचाय."

अशा कहाणीच्या शेवटी हात जोडून विनवण्याची पद्धत आहे. मला हात नाहीत, आणि असते तरी मी जोडले नसते. ज्याला कामच करू दिलं नाही, त्याला निकामी म्हणू नका, एवढं बजावतो. आता रोज पोरगीच मला ओढते. बाबा तिच्या शेजारी बसतात, आणि उतार आला की उजवा पाय जीपच्या तळाशी गच्च दाबतात. दाबू देत. थांबायचं काम माझं आहे.